प्रतिमा की ठसा? आभासी यंत्रांच्या दोषचिकित्सेतील शब्द आणि कारके

१

शास्त्रीय परिभाषेची चर्चा मराठीत बहुधा शब्दाच्या कुळापाशी सुरू होते आणि तेथेच थांबते. शब्द संस्कृत असावा की देशी, रूढ असावा की नव्याने घडविलेला, ह्या प्रश्नांचा खल शिवकालीन राजव्यवहारकोशापासून १९६२ च्या पदनाम कोशापर्यंत आणि त्यानंतरही विपुल झाला आहे. पारिभाषिक शब्द योजणाऱ्याच्या हातचे काम त्या शब्दामुळे साधते की बिघडते, ही कसोटी मात्र क्वचितच लावली गेली. संगणकाच्या क्षेत्रात ती लावणे सोयीचे आहे. कारण तेथे अर्थ चुकीचा ग्रहण झाला की काम तत्काळ अडते, आणि अडलेल्या कामाचा लेखी पुरावा यंत्र स्वतःच नोंदवहीत लिहून ठेवते. ह्या दृष्टीने लिनक्स प्रणालीवरील व्यवस्थापन-सर्व्हरवर आभासी यंत्राची ‘इमेज’ तयार करणे आणि त्या कामी उद्भवणाऱ्या दोषांचा माग काढणे, हा विषय भाषेच्या अभ्यासकांनीही पाहण्याजोगा आहे.

विषयाची रूपरेषा प्रथम सांगणे अवश्य आहे. एका प्रत्यक्ष संगणकाच्या साधनसामग्रीचे विभाग पाडून त्यांवर अनेक स्वतंत्र संगणक चालत असल्यासारखी योजना करता येते. अशा प्रत्येक संगणकास ‘व्हर्च्युअल मशीन’, मराठीत ‘आभासी यंत्र’, म्हणतात. ही कल्पना आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर १९६० च्या दशकात प्रत्यक्षात आली. तिच्या तात्त्विक अटी पोपेक आणि गोल्डबर्ग ह्यांनी १९७४ मध्ये मांडल्या. लिनक्सच्या जगात ‘क्यूएमू’ हे साधन २००३ मध्ये आले, आणि ‘केव्हीएम’ ही सोय २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाली. आभासी यंत्राची संपूर्ण डिस्क, तीवरील प्रणाली, नोंदी व खुणा ह्यांसह, एका फाइलीत साठविलेली असते. ती फाइल म्हणजेच ‘इमेज’. तिच्यावरून आणखी यंत्रे उभी करता येतात. अनेक यंत्रांची सूची ठेवणारा आणि त्यांच्या निर्मितीचे हुकूम सोडणारा संगणक तो व्यवस्थापन-सर्व्हर. हुकूम देणारा माणूस एक असतो आणि काम पार पाडणारी सेवा वेगळी असते, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावयास हवी.

२

‘इमेज’ ह्या शब्दास मराठी भाषांतरांत ‘प्रतिमा’ हा पर्याय सर्रास योजिला जातो. छायाचित्राच्या अर्थी तो योग्यच आहे. डिस्कच्या ‘इमेज’संबंधी मात्र तो दिशाभूल करणारा आहे. ‘प्रतिमा’ ह्या शब्दात ‘प्रति’ हा उपसर्ग व ‘मा’, म्हणजे मोजणे, हा धातू आहे. एखाद्या वस्तूच्या मापाबरहुकूम तिच्यासारखी घडविलेली दुसरी वस्तू, हा त्याचा मूलार्थ होय. देवाची मूर्ती प्रतिमा असते, कवीच्या मनातील मूर्त कल्पना प्रतिमा असते. दोन्हींत सादृश्य आहे, आणि सादृश्यात निवड गृहीतच आहे. घडविणारा काही घेतो, काही वगळतो.

ह्या भेदाचे मूर्तिमंत उदाहरण मालवणच्या समुद्रात उभे आहे. कुरटे बेटावर १६६४ मध्ये पायाभरणी होऊन १६६७ मध्ये पुऱ्या झालेल्या सिंधुदुर्ग किल्ल्यात शिवाजी महाराजांची आठवण दोन निरनिराळ्या प्रकारांनी जतन केलेली आढळते. एक, छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात उभारलेल्या शिवराजेश्वर मंदिरातील मूर्ती. दुसरा, महाराजांच्या हाताचा व पायाचा म्हणून लहान घुमट्यांखाली राखलेला चुन्यातील ठसा. मूर्तीत शिल्पकाराची दृष्टी आहे. म्हणूनच महाराजांच्या इतर चित्रांहून ती निराळी दिसते आणि तिच्या वेशाविषयी चर्चा होऊ शकते. ठशास दृष्टी नसते. ओल्या चुन्यावर जे टेकले ते सर्व, रेषेसह व व्रणासह, त्यात उमटते. काय घ्यावे आणि काय टाकावे हे ठसा ठरवीत नाही.

डिस्कची ‘इमेज’ ह्या दुसऱ्या जातीची आहे. तीत मूळ यंत्रावरील उपयुक्त सामग्री येते, तशाच त्या यंत्राच्या व्यक्तिगत खुणाही येतात: प्रणालीने त्यास दिलेला बत्तीस अंकाक्षरांचा ओळखक्रमांक, सुरक्षित संपर्कासाठी एकदाच निर्माण केलेल्या गुप्त किल्ल्या, जुन्या नोंदवह्या, क्वचित पुसलेल्या फाइलींचे अवशेषदेखील. ‘प्रतिमा’ हा शब्द मनात धरून चालणारा विद्यार्थी असे समजतो की, एकीवरून दहा यंत्रे उभी केली म्हणजे एकमेकांसारखी दहा निराळी यंत्रे झाली. वस्तुतः ती एकाच ओळखीची दहा यंत्रे असतात. मग जाळ्यातील पत्ते वाटणारी सेवा दोन यंत्रांस एकच पत्ता देऊ लागते, कारण काही प्रणालींत पत्ता मागताना सांगावयाची ओळख त्या ओळखक्रमांकावरूनच काढलेली असते. सर्व यंत्रांच्या गुप्त किल्ल्या समान झाल्याने एकाची किल्ली फुटली की सर्वांची फुटते. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या काळातील प्रणालींत जुन्या जालपत्रकाचा क्रमांक एका नियम-फाइलीत टिकून राही, आणि नव्या यंत्राचे पहिलेच जालपत्रक ‘दुसरे’ म्हणून नोंदले जाऊन संपर्क बंद पडे.

अशा वेळी विद्यार्थी नक्कल सदोष झाली असे मानून ती पुनःपुन्हा करतो, आणि दोष प्रत्येक वेळी तितक्याच इमानाने परत येतो. नक्कल अपुरी झाली हा दोष नसून ती नको इतकी पूर्ण झाली हा दोष होय. ‘ठसा’ ह्या शब्दात हे निदान आधीच दडलेले आहे. ठसा घेण्यापूर्वी हात धुवावा हे कोणासही सुचेल. ‘वर्ट-सिसप्रेप’ नावाचे साधन नेमके हेच करते: नकलेपूर्वी व्यक्तिगत खुणा पुसून टाकते. पुढे ‘क्लाउड-इनिट’ हे साधन नव्या यंत्राच्या पहिल्या प्रारंभाच्या वेळी त्यास त्याचे स्वतःचे नाव व किल्ल्या देते.

ज्या मूळ यंत्रावरून इतर काढावयाची त्यास इंग्रजीत ‘टेम्पलेट’ म्हणतात. त्यासाठी ‘साचा’ हा शब्द रूढ आहे आणि तो योग्यही आहे. सिंधुदुर्गातील गणपतीच्या शाळांत साच्यातून निघालेल्या मूर्ती प्रथम एकसारख्या असतात. डोळ्यांची आखणी नंतर होते, आणि मूर्ती ज्या घरची त्या घरच्या पाटावर बसते. साचा सामान्य, आखणी व पाट विशेष, ही विभागणी तेथील प्रत्येकास ठाऊक आहे. दृष्टान्ताची मर्यादाही सांगितली पाहिजे. मूर्तिकाराचा साचा पोकळ व उलटा असतो, संगणकाचा साचा भरीव व सुलटा, स्वतः चालू शकणारा असतो. म्हणूनच तो चुकून चालविला जातो आणि त्यावर पुन्हा व्यक्तिगत खुणा उमटतात. मूर्तिकाराच्या साच्यास ही आपत्ती नाही.

३

दुसरा शब्द ‘आभासी’. इंग्रजी ‘व्हर्च्युअल’ ह्या विशेषणाच्या मुळाशी सामर्थ्य वा गुण हा लॅटिन अर्थ आहे; जे नावाने तसे नाही पण कार्याने तसे आहे, ते ‘व्हर्च्युअल’. ‘आभास’ ह्या शब्दाची मराठीतील परंपरा निराळी आहे. वेदान्ताच्या परिचयामुळे आभास म्हणजे जे भासते पण नसते, असाच बोध प्रथम होतो. आभासी यंत्र मात्र खरी स्मृती व्यापते, खरी वीज खाते आणि खरी डिस्क भरते.

ह्या अर्थभेदातून उद्भवणारा दोष नित्याचा आहे. ‘क्यूकाऊ-टू’ नावाच्या फाइलप्रकारात दोन आकारमाने असतात, आणि इमेजची माहिती देणारे साधन ती स्वतंत्रपणे दाखविते. समजा, एका यंत्रास ४० गिगाबाइटची डिस्क दिली आणि तीत सध्या ३ गिगाबाइट मजकूर आहे. पहिला आकडा ‘आभासी आकारमान’ म्हणून दिसतो, दुसरा प्रत्यक्ष व्यापलेल्या जागेचा. ‘आभासी’ म्हणजे खोटा, हिशेबात न धरावयाचा, असे समजून २०० गिगाबाइटच्या डिस्कवर अशी दहा यंत्रे ठेवली जातात. आरंभी सर्व सुरळीत चालते. यंत्रे वापरली जाऊ लागली की त्यांचा मजकूर वाढतो आणि एके दिवशी जागा संपते. तेव्हा आभासी यंत्र बंदही पडत नाही. सामान्यतः ते जागच्या जागी थांबविले जाते, आणि बाहेरून पाहणाऱ्यास ते गोठल्यासारखे दिसते.

पतपेढीच्या व्यवहारातील शब्द येथे अधिक उपयुक्त ठरतील. ४० हे मंजूर आकारमान, ३ ही उचल. मंजूर रक्कम आज तिजोरीतून गेलेली नसते, परंतु ती मागण्याचा अधिकार दिलेला असतो. आणि सर्व खातेदारांनी एकाच वेळी मागणी केली तर तिजोरी पुरणार नाही, हे कारकुनासही कळते. ‘आभासी यंत्र’ हा शब्द आता रूढ झाला आहे आणि तो उपटून काढण्याचे प्रयोजन नाही. ‘आभासी आकारमान’ ऐवजी ‘मंजूर आकारमान’ म्हणावे, एवढी दुरुस्ती मात्र शक्य व इष्ट आहे.

४

शब्दांहून मोठा प्रश्न वाक्यांचा आहे. यंत्राचे दोषसंदेश ही अत्यंत तुटक वाक्ये असतात. ‘लिबव्हर्ट’, ‘वर्ट-मॅनेजर’ ह्यांसारख्या साधनांच्या संदेशांची मराठी भाषांतरेही झाली आहेत. परंतु मूळ इंग्रजी वाक्यातच जे अध्याहृत आहे, ते भाषांतरात कोठून येणार? ‘परवानगी नाकारली’ हे वाक्य पाहावे. कोणास नाकारली, कोणी नाकारली, कोठे नाकारली, ह्यांपैकी एकही गोष्ट त्यात नाही. दोषचिकित्सा म्हणजे पुष्कळ अंशी अशा वाक्यातील गळलेली पदे पुन्हा भरणे होय, आणि ह्या कामी भारतीय व्याकरणपरंपरेने क्रियेच्या अंगांची जी सूची दिली आहे ती उपयोगी पडते. दादोबा पांडुरंग ह्यांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मराठी विद्यार्थी विभक्तिविचार शिकत आला आहे. क्रियेशी अन्वय असणारी सहा कारके त्यास पाठ असतात. ‘ठसा घेणे’ ही क्रिया धरून ती सहा क्रमाने विचारली असता बहुतेक नित्याचे दोष त्यांच्या कक्षेत येतात.

कर्ता: क्रियेत जो स्वतंत्र तो कर्ता. हुकूम व्यवस्थापकाने दिला तरी फाइल उघडणारा कर्ता तो नव्हे. क्यूएमूची प्रक्रिया आपल्या स्वतंत्र, मर्यादित अधिकाराच्या नावाने चालते. व्यवस्थापकाच्या घर-निर्देशिकेत ठेवलेली इमेज त्यास स्वतःस उघडता येते, प्रक्रियेस येत नाही. कारण त्या निर्देशिकेतून पलीकडे जाण्याची मुभाच इतरांस नसते. आतल्या दालनाचा परवाना असून मुख्य दरवाजा बंद असावा, तसा हा प्रकार आहे. विद्यार्थी येथे फाइलीची मालकी बदलीत बसतो. मालकी हा षष्ठीचा संबंध आहे, आणि संबंध हे कारक नव्हे असे वैयाकरण बजावतात. फाइल कोणाची हा प्रश्न पुरेसा नसून तिच्यापर्यंत कोण आणि कोणत्या वाटेने जातो, हे पाहावे लागते. सर्वांस सर्व मुभा देऊन टाकणे वा ‘एसई-लिनक्स’चा पहारा उठविणे, हा जो उपाय सर्वत्र सुचविला जातो, तो कर्ता न ओळखताच सर्व दरवाजे उघडे टाकण्याचा होय. नेमलेल्या निर्देशिकेत फाइल हलवून तिच्यावर योग्य खूण पुन्हा लावली की काम भागते.

कर्म: ज्याचा ठसा घ्यावयाचा ते यंत्र चालू आहे की बंद? चालू यंत्राची डिस्क क्षणोक्षणी बदलत असते. हलत्या हाताचा ठसा फरकटलेलाच निघणार. २०१७ मध्ये निघालेल्या क्यूएमूच्या २.१० ह्या आवृत्तीपासून चालू डिस्कवर कुलूप पडते आणि ते मिळाले नाही असा संदेश येतो. कुलूप डावलण्याची सोय आहे. ती वापरणाऱ्यास इमेज मिळते, पण तिच्या सुसंगतीची हमी मिळत नाही.

करण: पाणिनी करणास साधकतम म्हणतो, म्हणजे क्रियासिद्धीस सर्वांत साहाय्यक असे साधन. येथे ते प्रक्रियकाची आभासीकरणाची क्षमता होय. ती मूळ संगणकाच्या आरंभीच्या मांडणीत बंद असली तर केव्हीएमचे साधन उपलब्ध होत नाही. क्यूएमू मग तेच काम निव्वळ आज्ञावलीच्या बळावर करू शकते, परंतु कित्येक पट संथपणे. व्यवस्थापन-सर्व्हर ठराविक काळ वाट पाहतो आणि ‘वेळ संपली’ असे सांगतो. संदेश काळाविषयी आहे, दोष करणाचा आहे.

संप्रदान: ठसा कोणासाठी? एका प्रकारच्या डिस्क-जोडणीवर वाढलेली प्रणाली दुसऱ्या जोडणीच्या यंत्रास दिली आणि त्या जोडणीचा चालक तिच्या प्रारंभ-सामग्रीत नसला, तर तिला आपलीच डिस्क सापडत नाही. ‘यूईएफआय’ पद्धतीने बसविलेली प्रणाली जुन्या ‘बायोस’ पद्धतीच्या यंत्रात सुरू होत नाही. ओळखीच्या खुणांचा जो दोष वर सांगितला तोही, मूळ यंत्राचे विशेष घेणाऱ्यास दिले गेल्यामुळे, ह्याच सदरात पडतो.

अपादान: पुष्कळदा नवी इमेज पूर्ण नसते, मूळ फाइलीहून जे निराळे तेवढेच तीत असते आणि मुळाचा पत्ता लिहिलेला असतो. मूळ फाइल हलविली की नवी उघडत नाही. मूळ जागेवर राहिली पण बदलली, तर कित्येकदा संदेश मुळीच येत नाही आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या सर्व इमेजी आतून बिघडतात. अपादानाचे लक्षण करताना पाणिनीने त्यास ‘ध्रुव’ म्हटले आहे. ज्यापासून वियोग होतो ते स्थिर असते. मूळ फाइल केवळ वाचनासाठी खुली ठेवावी, हा नियम त्या एका पदाचे भाष्य म्हणून शिकविता येईल.

अधिकरण: क्रिया कोठे व केव्हा घडते? जागा शिल्लक असता ‘जागा नाही’ असे यंत्र सांगते, तेव्हा जागा भलत्याच ठिकाणी पाहिलेली असते. इमेज रूपांतरित वा संक्षिप्त करणारी काही साधने मध्यंतरी तात्पुरत्या निर्देशिकेत मोठी फाइल लिहितात. ती निर्देशिका निराळ्या, लहान विभागावर असू शकते. फाइलींची नोंद ठेवण्याच्या रकान्यांची संख्या संपली तरी संदेश तोच येतो. व्याकरणात काळही अधिकरणात मोडतो. कोकणच्या पावसाळ्यात वीज मध्येच गेली तर अर्धी लिहिलेली इमेज नावाने पुऱ्या फाइलीसारखीच दिसते. अशा फाइलीची तपासणी केल्यावाचून तिच्यावरून यंत्र उभारू नये. आणि तपासणीत ती निर्दोष ठरली तरी ती अंगाने पूर्ण आहे असे मानू नये, कारण तपासणी रचना पाहते, मजकूर पाहत नाही.

५

ह्या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, विद्यार्थी ‘इमेज’च म्हणतात आणि म्हणत राहतील, मग नव्या शब्दाची उठाठेव कशास? आक्षेपात तथ्य आहे. उसना शब्द निदान खोटा अर्थ देत नाही. म्हणून ‘प्रतिमा’ आणि ‘इमेज’ ह्यांत निवड करावयाची तर ‘इमेज’च बरी. परंतु उसना शब्द काही शिकवीतही नाही. ‘ठसा’ शिकवितो. तो नवा घडविलेला नसून बोलीत नांदणारा आहे. मालवणीत ओकारान्त होऊन तो घरोघर वावरतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कारके ही वाक्यार्थाची अंगे आहेत, भौतिक कार्यकारणाची नव्हेत. डिस्कचा पृष्ठभाग खराब झाला असता व्याकरण काय सांगणार? ह्याचे उत्तर असे की, कारकविचार कारण शोधून देत नाही, तो विचारणेस क्रम लावतो. कोणता प्रश्न अद्याप विचारलाच नाही, एवढे तो दाखवितो. उत्तर नोंदवहीतूनच काढावे लागते. एकच दोष दोन कारकांत बसण्याचा संभवही आहे, आणि तेथे निर्णय परीक्षकाच्या अनुभवावर सोपवावा लागेल.

तथापि, संदेशाच्या शेवटच्या तीन शब्दांवर नजर खिळवून हाताला येईल तो उपाय करणे ही जी सवय सर्वत्र दिसते, तिला हा क्रम आवर घालू शकतो. ‘परवानगी नाकारली’ ह्या संदेशाचे भाषांतर करावयाचे तर ‘अमुक प्रक्रियेस अमुक फाइल अमुक निर्देशिकेतून उघडता आली नाही’ असे पूर्ण वाक्य देण्याचा आग्रह मराठी भाषांतरकाराने आज्ञावलीच्या कर्त्यांकडे धरला पाहिजे. कारण लपलेली पदे पुरविणे भाषांतरकाराच्या हाती नाही, पण ती लपली आहेत हे त्याच्याइतके स्पष्ट कोणास दिसत नाही. परिभाषा समित्यांनीही ह्यापुढे शब्दांच्या याद्यांबरोबर त्या शब्दांनी घडणारी वाक्ये तपासावीत, आणि तपासणीस भाषाज्ञाबरोबर प्रत्यक्ष यंत्रापाशी बसणारा मनुष्यही घ्यावा. कुडाळ, सावंतवाडी वा मालवण येथील विद्यार्थी काम करतो इंग्रजी शब्दांनी, आणि विचार करतो घरच्या भाषेत. ह्या दोहोंच्या मधल्या जागेतच त्याचे बहुतेक दोष उत्पन्न होतात. परिभाषेचे काम त्या जागेत आहे.